गेटवरचं वेल्डिंगचं नाव

शिरपूरला ठाणेदार होतो तेव्हाचा हा तपास. आजही आठवला की हायसं वाटतं. थोडक्यात वाचलो, मीसुद्धा.

कापसाच्या एका जिनिंग मिलची लोखंडी खोली गॅस कटरनं कापून चोरट्यांनी तांब्याच्या केबली नेल्या होत्या. खबऱ्या म्हणाला, "साहेब, इतकं सफाईचं काम गावात एकच मिस्त्री करतो." साठीतला तो वेल्डर मी चौकशीला आणला.

प्रश्न विचारला की तो बऱ्याच वेळानं पुटपुटायचा. हात थरथरत होते, पण चेहरा दगड. पापणी लवत नव्हती. चेहरा वाचण्यात मी स्वतःला मोठा शहाणा समजायचो. गडी मुरलेला आहे, असं ठरवून मी हात उगारला. तेवढ्यात त्याची बायको दारातून ओरडली, "साहेब, यासना हातमा चहाना कपबी राहस नही! दोन वरीस व्हयनात, त्या हसेलबी नहीत."

"नाटकं पुरे!" मी म्हणालो, पण हात खाली घेतला. अटकेचे कागद तयारच होते. जबाबावर त्यानं सही केली. पहिलं अक्षर धड, पुढची बारीक होत मुंगीएवढी.

हवालदार हळूच म्हणाला, "साहेब, आपल्या ठाण्याचं गेट यानंच केलंय, पाच-सहा वर्षांपूर्वी." आमच्याकडचे मिस्त्री गेटवर, ट्रॉलीवर वेल्डिंगनं आपलं नाव उमटवतात. बाहेर जाऊन पाहिलं. तेच नाव, टपोऱ्या, एकसारख्या अक्षरांत. जिनिंगमधला काप सरळ रेषेत असल्याचं पंचनाम्यात मीच लिहिलं होतं. हा हात आता तसा काप देऊच शकत नव्हता.

त्याला धुळ्याला मेंदूच्या डॉक्टरांकडे पाठवलं. रस्त्यावरच्यांच्या डोळ्यांना झळ लागू नये म्हणून भला माणूस वर्षानुवर्षं दुकानाचं शटर ओढून, कोंडलेल्या धुरात काम करत होता! डॉक्टर म्हणाले, "वेल्डिंगच्या धुरात मँगनीज असतं. ते साचून मेंदूच्या पेशी बिघडतात. लक्षणं कंपवातासारखी, चेहराही आखडतो. धूर आजच बंद करा. गेलेलं सगळं परत येणार नाही, पण पुढचं बरंच वाचेल."

खरे चोर आठवड्यात भुसावळला मुद्देमालासह सापडले. मिस्त्रीला ठाण्यात बोलावून मी सगळ्यांसमोर माफी मागितली. माणसाचा चेहरा म्हणजे कबुलीजबाब नव्हे, हे मला नोकरीच्या उतरणीला कळलं.

तो माझ्याकडे तसाच बघत राहिला. मग सावकाश म्हणाला, "साहेब, मी हासी राहिनू. दिसस नही ना?"