उकिडवं बसल्यावरची कळ

दुखणं दिसत नसलं की ते नखरे ठरतं. माझ्या जांघेत कळ यायची ती फक्त उकिडवं बसल्यावर. चालताना काही नाही, झोपताना काही नाही. म्हशीची धार काढायला बसले, पाय पोटाशी दुमडला, की आत चिमटा बसायचा. कमरेचा एक्स-रे काढून झाला होता, त्यात काही निघालं नाही. "नाचता येईना अंगण वाकडं," सासूबाई म्हणाल्या आणि दोन्ही म्हशी विकायचं ठरवून मोकळ्या झाल्या. व्यापारी रविवारी न्यायला येणार होता. त्या म्हशी पारड्या असल्यापासून मीच वाढवलेल्या. मी म्हटलं, आधी खुब्याची सोनोग्राफी.

मार्गासनीहून भोरला जाताना कापूरहोळला गाडी बदलावी लागते. भरल्या गाडीत पाय दुमडून बसावं लागलं तर कळ नको म्हणून सकाळी गावातच दुखणं थांबवायची सुई टोचून घेतली. आमच्याकडे माणसं दवाखान्यात जातानासुद्धा जरा बरी होऊनच जातात. सासूबाई सोबत होत्या, पहारा ठेवायला.

भोरच्या डॉक्टरीणबाईंनी जांघेवर जेली लावून यंत्र फिरवलं. "खुब्याच्या हाडाला जरा उंचवटा आहे," त्या म्हणाल्या, "पण असा उंचवटा न दुखणाऱ्यांनाही असतो." मग माझा पाय दुमडून आत वळवला. "दुखतंय?"

"न्हाई."

सासूबाईंनी निघायला पिशवी उचलली. मला सुईचं सांगावंच लागलं. डॉक्टरीणबाईंनी कपाळाला हात लावला. "मग आज काय कळणार, ताई? पुढच्या आठवड्यात या."

पुढच्या आठवड्यात गोठा रिकामा असता. "सुई उतरंस्तवर मी हितंच बसते," मी म्हणाले आणि व्हरांड्यात बसले, तेही उकिडवी. नर्स बाक दाखवून दाखवून दमली. दुपार कलली तशी कळ आली. दुखतंय म्हणून इतका आनंद मला कधी झाला नव्हता.

पुन्हा आडवी झाले. पाय दुमडला, आत वळला, मी ओठ चावला, आणि त्याच वेळी पडद्यावर तो उंचवटा खोबणीच्या कडेला जाऊन अडला. "बघा आजी," डॉक्टरीणबाई म्हणाल्या, "हाड इथं अडतंय. एमआरआय काढून खात्री करू. तोवर उकिडवं बसायचं नाही आणि सांगते ते व्यायाम रोज करायचे."

सासूबाई पडद्यापाशी वाकल्या. "म्हंजी पोरगी खरं बोलत व्हती." मला रागच आला. माझ्या शब्दाला किंमत नव्हती, पडद्याला होती.

दुसऱ्या दिवसापासून मी उंच स्टुलावर बसून धार काढू लागले. म्हशींना ते रुचलं नाही. एकीनं दोनदा पान्हा चोरला, पण मी स्टूल काही सोडलं नाही.

रविवारी व्यापारी दावं घेऊन आला तेव्हा मी धार काढत होते. त्यानं सासूबाईंना विचारलं, "सोडू का म्हशी?"

"मला काय इचारता? तिच्या हायती, तिलाच इचारा."

धार न थांबवता मी म्हणाले, "न्हाई विकायच्या."