उसण, मालीश आणि जावयाचा उजवा पाय

मुलीच्या लग्नाच्या यादीत एकसष्ट कामे होती. माझ्या पाठीत उसण भरणे हे त्यांत नव्हते.

निजामाच्या राज्यातली गोष्ट. सेनगावपासून दोन कोसांवरच्या आमच्या गावात मी शाळामास्तर होतो आणि यादीशिवाय पाणीही पीत नसे. लग्नाला तीन दिवस उरले होते. गडी ज्वारीचे पोते चुकीच्या पद्धतीने उचलत होते. (माझ्या मते.) मी पुढे झालो, "असं नव्हे रे, असं!" म्हणालो आणि त्या दुसऱ्या 'असं'वरच अडकलो. पोते जमिनीवर राहिले. मीही तिथेच, काटकोनात!

प्रसंग गंभीर होता. लग्नात नवरदेवाचे पाय वधूच्या बापाने वाकून धुवायचे असतात. मी वाकलेलाच होतो म्हणा, पण खाली बसता येईना आणि बसलो तर उठता येईना. माझा चुलतभाऊ लगेच म्हणाला, "काळजी काहून करता? मी धुतो की पाय!"

यमुना, माझी एकुलती एक लेक, माझ्याजवळ येऊन हळूच म्हणाली, "बाबा, काकानं न्हाई. तुमीच."

त्यानंतर यादीतली बाकीची साठ कामे मला दिसेनाशी झाली.

गावचे न्हावी गणूमामा मालीश करण्यात पंचक्रोशीत नावाजलेले. ते लसूण-ओवा घालून कढवलेले तिळाचे तेल घेऊन आले आणि मला घोंगडीवर पालथे पाडले. मी कागद-पेन्सिल उशाशी घेतली.

"मामा, मालिशीचे फायदे किती?"

"गाठी सुटतात, रगत फिरतं, झोप लागते."

"तीन. आणि पुढं काय काय होईल? क्रमानं सांगा."

"आज दुखंल. उद्या आंग जड पडंल. परवा मोकळं व्हाल. दोन दिस वाऱ्यात जायचं न्हाई, वजन उचलायचं न्हाई, अन् आता तोंड बंद. तुमी बोलून राहिले की पाठ दगडावानी व्हते!"

मामांचा अंगठा मणक्याशेजारी रुतला तेव्हा मला आजोबा, पणजोबा आणि ज्यांना कधी पाहिले नव्हते असे खापरपणजोबाही आठवले. तरी मी "जरा डावीकडं... आता दोन बोटं वर..." अशा सूचना देत राहिलो. मामा म्हणाले, "मास्तर, शाळा उद्या भरवा."

पण सगळे अगदी त्यांनी सांगितल्या क्रमाने घडले! पहिल्या दिवशी दुखले, दुसऱ्या दिवशी अंग जड झाले आणि रात्री मी मेल्यासारखा झोपलो. तिसऱ्या दिवशी सकाळी सरळ उभा राहिलो. मग मांडवाचे खांब यादीप्रमाणे आहेत का, एवढेच बघायला बाहेर गेलो. एक खांब वीतभर तिरका होता. मी तो उपटला.

पुन्हा काटकोन!

"आता पायाळू माणसाची लाथच पायजे," बायकोने निर्वाळा दिला. पायांकडून जन्मलेल्या माणसाने पाठीला लाथ लावली की उसण उतरते, हे आमच्याकडे लहान पोरालाही ठाऊक. मी तत्काळ गावातल्या पायाळूंची यादी केली. एक, रामजी: बैल घ्यायला जवळा बाजारला गेलेला. दोन, सखूबाई: वय ऐंशी, स्वतःचाच पाय उचलायला दोन माणसे लागत. तीन, कुंभारांचे बाळ: वय दोन महिने. त्याला आणून माझ्या पाठीवर धरले. त्याने लाथ मारली नाही. दुसरेच काही केले.

तेवढ्यात नरसीहून वऱ्हाडाच्या गाड्या आल्या. व्याही उतरले, काटकोनातूनच केलेला माझा नमस्कार त्यांनी घेतला, हकीकत ऐकली आणि आनंदाने ओरडले, "अवो, मग अडलंय कुठं? आमचा पोरगा पायाळूच हाय की!"

स्थळ पाहताना मी व्याह्यांना तेवीस प्रश्न विचारले होते. हा विचारला नव्हता.

नवरदेव घामाघूम झाला. "सासऱ्याला लाथ? मला न्हाई जमायचं!"

"दवा हाय ती. मार हळूच," व्याही म्हणाले.

बिचाऱ्याने आधी माझ्या पाया पडून माफी मागितली. मग डोळे मिटून उजव्या पायाचा अंगठा माझ्या पाठीला टेकवला.

"हे काय? नीट मारा," मी म्हणालो. (शिकवल्याशिवाय राहवत नाही.) "टाच लावा. कमरेच्या जरा वर. जोर खांद्यातून नको, मांडीतून!"

जावई आज्ञाधारक निघाला. मी मांडवाच्या या टोकापासून त्या टोकाला गेलो आणि तिथे पुन्हा मालिशीची तयारी करून बसलेल्या गणूमामांच्या घोंगडीवर, तेलाच्या वाटीवरच पालथा पडलो. वऱ्हाड हसले नाही. हसले असते तर बरे झाले असते.

मामांनी तेल पुन्हा गरम केले आणि पाठ चोळायला घेतली. या वेळी मी एकही सूचना केली नाही. तोंड दाखवायची सोय नव्हती. रात्रभर हललो नाही. सकाळी उठलो तो ताठ!

"लाथेचा गुण," व्याही म्हणाले.

"मालिशीचा," मी मामांकडे पाहून म्हणालो.

मामा तेलाची बाटली पुसत होते. "मालीश पहिल्या दिसापून तीच व्हती, मास्तर. काल तुमी गप पडले, एवढंच नवं."

दुपारी मी पाटासमोर बसलो, वाकलो आणि जावयाचे पाय धुतले. डावा धुतला. उजव्यापाशी आलो तसा जावई पाय आखडून घेऊ लागला. मी तो घट्ट धरला आणि जरा जास्तच वेळ धुतला. अंतरपाटाकडे निघालेली यमुना माझ्याकडे बघत होती. माझे डोळे भरले. पाठीमुळे नव्हे.

संध्याकाळी यादी तपासायला घेतली. एकसष्टावे काम 'जावयाचे पाय धुणे' होते. त्यावर खूण केली. त्याच्या वर, मधल्या अरुंद जागेत, बायकोने एक ओळ घुसवली होती: 'त्याआधी जावयाची लाथ खाणे.' पुढे खूणही करून ठेवली होती.

अक्षर वळणदार होते. तिला लिहायला मीच शिकवले होते.