उंबऱ्यावरचा डिटेक्टिव्ह

भिलाईत कारखाना उभा होऊन राहिला होता, तेव्हाचे किस्से इतके साचले की प्लॅन्टमधला भंगाराचा ढीग लहान वाटते. त्यात आमच्या मेसचे तर विचारूच नका! कॅम्प-१मध्ये भंडाऱ्याकडचे आम्ही आठ जण एका शेडमध्ये रांधून खायचो. आठही लय शहाणे, असं आमचं आमीच ठरवलं होतं.

*

शेजारच्या शेडमध्ये गजभिये राहायचा, क्रेन ऑपरेटर. त्यानं दुर्ग स्टेशनवरून एक इंग्रजी कादंबरी आणली. अमेरिकेतला काळा डिटेक्टिव्ह, गोऱ्यांचं शहर अन् एक खून. फर्स्ट शिफ्ट सुटली की तो आमाले ती मराठीत सांगायचा, आमच्या उंबऱ्याबाहेर विटांवर बसून. त्याची जात आमच्या मेसले चालत नव्हती. त्याचं इंग्रजी चालायचं!

*

कव्हरवर अर्धी उघडी बाई होती. मेसचे मॅनेजर देवाजीभाऊ भडकले, "हे काय थेरं! पेपर चढव आधी!"

गजभियेनं चढवला. मग रोज देवाजीभाऊच विचारायचे, "दाखव बरं, पेपर फाटला तर नाही ना?"

*

आमचा बिसेन फिटर. दुसऱ्याच दिवशी त्यानं खुनी पकडला. "डॉक्टरच हाये! लिहून देतो!"

पुढच्या चॅप्टरमध्ये डॉक्टरचाच मुडदा पडला. बिसेन हलेल तर शपथ!

"पाहा, पस्तावला अन् जीव दिला!"

"पाठीत तीन गोळ्या हायेत, बिसेन."

"लय पस्तावला असंल!"

*

मग आला हॉटेलचा चॅप्टर. डिटेक्टिव्हले आत बसू देत नाहीत, मागच्या खिडकीतून फुटक्या बशीत जेवण देतात. देवाजीभाऊंनी ताट सरकवलं. "माणसाले माणूस समजत नाहीत लेकाचे! आपल्याकडं असं खपलं असतं का?"

आम्ही सगळे म्हणालो, छ्या!

"गजभियेले चहा द्या रे, घसा सुकला त्याचा."

दिला. उंबऱ्यावरूनच, त्याच्या घरच्या मगात, वरून धार धरून. तेव्हा आमच्यापैकी एकालेही काही वाटलं नाही, याची आज लाज वाटते.

*

शेवटचा चॅप्टर उरला. त्या दिवशी गजभियेनं आपला मग आणलाच नाही.

"आज आत बसून वाचतो," तो म्हणाला. "अन् चहा तुमच्या कपात."

सगळे देवाजीभाऊंकडं पाहू लागले. बिसेनचा जीव वरखाली. "येऊ द्या ना भाऊ! खुनी कोण ते समजलं नाही, तर वेड लागंल मले!"

"हे असं एकट्यानं ठरत नसते," देवाजीभाऊ म्हणाले. त्यांनी तिथंच मीटिंग भरवली. गजभिये पुस्तकात बोट घालून बाहेर उभा, सगळं ऐकत.

देवाजीभाऊंनी घसा साफ केला. "ठराव असा, खुनी नाही समजला तरी चालते! ज्याले मंजूर असंल, त्यानं हात वर करा."

आठही हात वर झाले. बिसेनचा थोडा उशिरा. माझा लगेच.