पासवर्ड भावोजींच्या खिशात

तिने निम्म्याच उशांना अभ्रे घातले होते, तेवढ्यात दीर आले आणि हाताला लागलेल्या धुवट अभ्र्याला तेलकट बोटं पुसत खुर्चीत पसरले. कॉम्प्युटर दुरुस्तीच्या दुकानात कामाला होते, त्यामुळे घरात त्यांना भारी मान.

"वहिनी, काढा तुमचं यंत्र. लिनक्स टाकून मोकळे होऊ."

डागाळलेला अभ्रा तिने पुन्हा धुवायला टाकला, पण गरज तिची होती. कपडे शिवून शिवून पाठ कामातून गेली होती. सॉफ्टवेअरचा कोर्स झाला तर पगाराची नोकरी मिळण्यासारखी होती. शिकवणाऱ्या बाईंनी बजावलं होतं, प्रत्येकाने आपल्याच कॉम्प्युटरवर विंडोजऐवजी लिनक्स घालायचं, त्यावर कोर्सला लागणारी साधनंही स्वतःच घालायची. सोमवारी यंत्र तयार नसेल तर जागा दुसऱ्याला.

दिरांनी कानात करंगळी फिरवली, बाहेर काढून न्याहाळली आणि त्याच करंगळीने बटणं दाबायला लागले. मध्येच दात कोरायचे, पुन्हा बटणं. पासवर्डची चौकट आली तेव्हा मात्र खांदा आडवा घालून बसले.

"भावोजी, काय घातलात?"

"तो मालकाचा पासवर्ड, माझ्याकडे राहील. तुम्हाला पाहुण्याचं खातं दिलंय, बसा खेळत."

"माझ्या कॉम्प्युटरवर मी पाहुणी?"

"तुम्ही काहीही दाबाल, आणि निस्तरायला मी."

"त्याला कळतं त्यातलं, राहू दे त्याच्याकडे," वर्तमानपत्राआडून नवऱ्याने री ओढली.

"याला अजून नाक पुसता येत नाही, आणि म्हणे मालक," सासूबाई पुटपुटल्या. दीर दात काढून हसले. दातांत सकाळचं काहीतरी अडकलेलं होतं.

ते गेल्यावर तिने साधनं घालायला घेतली, तर पहिल्याच पायरीला यंत्राने मालकाचा पासवर्ड मागितला. तिने फोन केला.

"बघू, पुढच्या आठवड्यात जमलं तर येतो. काहीतरी चमचमीत करून ठेवा," पलीकडून मचमच ऐकू आली.

दर वेळी त्याच बोटांची वाट बघायची, या विचाराने तिला शिसारी आली. तिने देवापुढे हात जोडले, पण मागणं ओठांवर यायच्या आतच तिला कोर्सच्या बाई आठवल्या. तिने त्यांना सगळं सांगितलं.

"त्यात तुमचं काही साठवलंय का?" बाईंनी फोनवर विचारलं.

"छे, आजच तर घातलंय."

"मग सगळं पुसा आणि नव्याने घाला, त्याला जुना पासवर्ड लागत नाही. पासवर्ड तुम्ही ठरवा. रिकामा पेनड्राइव्ह घेऊन वर्गावर या, मी त्यात लिनक्स भरून देते, कसं घालायचं तेही दाखवते."

तिने आधी कापूस ओला करून एकेक बटण पुसलं. फटीतून पिवळं, चिकट असं काही निघालं. ते कागदात गुंडाळून टाकताना तिने श्वास रोखला.

"तो विचारेल हं," सासूबाई म्हणाल्या.

"विचारू दे. म्हणावं, आधी हात धुऊन या."

पाकीट घेऊन ती पेनड्राइव्ह आणायला निघाली.