सासूबाईंच्या डोळ्यातली लेन्स

१८ फेब्रुवारी. काम एकच: सासूबाईंच्या उजव्या डोळ्यात दर चार तासांनी थेंब घालणं. दुसऱ्या दिवशी त्यांचं मोतीबिंदूचं ऑपरेशन होतं. आठवड्यापूर्वी त्या आमच्या कात्रपच्या बिल्डिंगमध्ये जिन्याची पायरी चुकल्या होत्या, थोडक्यात वाचल्या. त्यामुळे पुढे ढकलणं परवडणार नव्हतं.

डॉक्टर आमच्याच कारखान्याची लेन्स बसवणार होते. अंबरनाथच्या एमआयडीसीत मी तपासणीला आहे. टिकली, बांगड्या, पावडर सगळं बाहेर ठेवून आत जायचं आणि दिवसभर मायक्रोस्कोपला डोळा लावायचा. लेन्स मसुराएवढी, कडेला केसासारखे दोन वाकडे पाय.

दुपारचे थेंब घालताना सासूबाईंनी विचारलं, "तू तिथं नेमकं करतेस काय गो?" बावीस वर्षांत पहिल्यांदाच. त्यांना धीर येईल म्हणून मी खरं ते सांगितलं. "ओरखडा, बुडबुडा, काही दिसलं की ती लेन्स बाद करते."

त्या ताडकन उठून बसल्या. थेंब गालावर. "म्हंजे खराब पन निघतात?"

"निघतात. म्हणून तर मला पगार देतात."

"आनि तुजी नजर चुकली तर? मना नाय कराचं आपरेशन. दिसतंय तेवढं बास."

माझ्यानंतर दुसरी बाई पुन्हा तपासते, हे मी दोनदा सांगितलं. त्यांनी भिंतीकडे तोंड फिरवलं. नवरा म्हणाला, "कुणी सांगितलं होतं तुला तोंड उघडायला?" आणि स्वतःच चहा करायला गेला. हे त्याचं नेहमीचं.

त्याने कप आईसमोर धरला. माझं लक्ष गेलंच. "कपाची कड उडालीय. दुसरा आणा."

"कुठे? मला तर दिसत नाही."

"प्यायच्या बाजूला. ओठाला लागेल त्यांच्या."

सासूबाई एकदम हसायला लागल्या. "बघ, बघ! माज्या लोनच्यात, भाकरीत, पोरात, सगल्यात हिनं खोट काढली. हिच्या हातून खराब काच सुटतेय होय? घाल गो तुजे थेंब."

"पोरात म्हणजे?" नवऱ्याने विचारलं.

"तू कप बदलून आन आधी."

दुसऱ्या दिवशी सकाळी मी त्यांना डोक्यावरून आंघोळ घातली, कारण नंतर बरेच दिवस डोक्यावर पाणी घेता येणार नव्हतं. ऑपरेशनच्या टेबलावर उताणं झोपायला अंबाडा आड येतो, म्हणून केस वाळवून दोन वेण्या घातल्या आणि रिक्षा बोलावली.