आपुनच जरा सरकू

आमचे मामंजी बाजेवर कधी मधोमध बसत नसत. एका कडेला टेकायचे, अर्धे बाजेवर, अर्धे हवेत. कोणी येणार असो-नसो, शेजारची जागा मोकळी. लग्न होऊन मी त्या घरात आले तेव्हा मला वाटलं, बिचारे घरात कुणाला तरी भीत असावेत. सासूच जबर असणार. तर सासूबाई, म्हणजे आमच्या आत्याबाई, दम्यानं पार वाकलेल्या. चार शब्द बोलल्या की पाचव्याला धाप लागायची. त्या कुणाला काय भिववणार?

मामंजी कुणालाच भीत नव्हते, पण कुठल्याही भांडणावर त्यांचं औषध एकच होतं. आमचं रान अणदूरच्या शिवेला लागून. शेजाऱ्यानं नांगरताना आमचा बांध कोरला, तसे आमचे हे काठी घेऊन निघाले. मामंजींनी त्यांना दारातच धरलं. “आरं, त्येचं पोट मोठं हाय. जाऊ दी. आपुनच जरा सरकू.” ह्यांच्या कपाळाची शीर तटतटायची, आणि खरं सांगायचं तर माझीही. मी तुळजापूरच्या मास्तरांची लेक. हक्काचं सोडायचं नाही, हे आमच्या घरचं बाळकडू. असला सरकता माणूस संसार तरी कसा करतो, याचं मला नवल वाटे.

मग एका वर्षी हिवाळ्याच्या तोंडाला आत्याबाईंचा दमा फारच बळावला. रात्र-रात्र उशीला टेकून बसायच्या. सोलापूरच्या डॉक्टरांनी स्पष्ट सांगितलं, “ही कोरडी थंडी आणि रानातली धूळ यांना सोसणार नाही. समुद्राकाठी नेऊन ठेवा, नाहीतर यंदाचा हिवाळा निघायचा नाही.” आत्याबाईंनी ऐकलं आणि साफ नकार दिला. “मराया आले तर माज्या घरात मरीन,” त्या थांबत थांबत म्हणाल्या. “परक्याच्या वसरीत न्हाय. आन् वेळ अमावस्या कोन करंल?”

वेळ अमावस्या म्हणजे आमच्याकडे दिवाळीहून मोठी. मार्गशीर्षातल्या त्या अमावस्येला सगळं घर रानात जातं. कडब्याची खोप उभारायची, तिच्यात चुन्यानं रंगवलेले पाच दगड, म्हणजे पांडव, मांडायचे, पालेभाज्या-दाण्यांची घोटलेली भज्जी आणि ताकातली आंबील यांचा निवद दाखवायचा, रानभर आंबील शिंपडायची आणि वाटेनं जाणाऱ्यालाही हाताला धरून जेवायला बसवायचं. सासरी आल्यापासून आत्याबाईंची एकही वेळ अमावस्या चुकली नव्हती. आपण चुकलो तर रान रुसेल, हे त्यांच्या मनात पक्कं होतं.

मामंजी समजूत घालत बसले नाहीत. चार दिवस कुठंतरी गेले आणि परतले ते एका मोटारीत बसून. सरकारी मोटारी सुरू झाल्यावर कुण्या खाजगी मोटारवाल्यानं विकायला काढलेली ती जुनी उतारूंची बस. दारात उभी करून ते आत्याबाईंना म्हणाले, “घर सोडायचं न्हाय म्हंतीस ना? नको सोडू. आपुन घरच जरा सरकवू. आता मराठी मुलूख एक झाला, समिंदरापतुर एकच राज्य हाय, मधी जकातीचा नाका न्हाय का काय न्हाय.”

आतली बाकडी निघाली. एक रुंद फळी बसली, मागं चूल आली, जातं आलं आणि दाराशी चक्क लाकडी उंबरठा ठोकला. टपावर कडब्याच्या पेंढ्या चढल्या. फळीखाली आमच्या रानातल्या काळ्या मातीची दोन पोती आणि पाच दगड.

“समिंदराला माती नसती व्हय?” गाडी चालवायला बसलेले हे वैतागले.

“आपल्या रानाची नसती,” मामंजी म्हणाले.

आत्याबाई उंबरठा ओलांडून आत बसल्या, पण अट घालूनच. “वेळ अमावस्या आपल्या मातीवर झाली तर ऱ्हाईन. न्हाय झाली, तर त्याच दिवशी मोटार माघारी.” गाव वेशीपर्यंत हसत हसत पोचवायला आलं.

आंबा घाट उतरून रत्नागिरीच्या बाजूला एका नारळीच्या वाडीपुढं, सुरूच्या झाडांत आम्ही मुक्काम टाकला. समुद्र बघून आत्याबाईंनी पहिला प्रश्न विचारला, “एवढं पानी, आन् प्यायला घोट न्हाय. काय उपेग?” पण हवा मानवली. आठवडाभरात त्या आडव्या होऊन झोपायला लागल्या. सकाळी मोटारीच्या उंबरठ्यावर बसून भाजी निवडू लागल्या. त्यांना तसं बघून मामंजी वाडीभर उगीचच हिंडून येत.

पाणी जिथवर येई तिथं मामंजींनी शिंपल्यांचा बांध घातला. “हितनं अलीकडं आपलं.” दुसऱ्या दिवशी पाणी हातभर पुढं आलं. मामंजींनी बांध मागं घेतला. रोज हाच खेळ. मी म्हटलं, “मामंजी, समुद्राशीही तेच का?” तर म्हणाले, “बाय, थोरला शेजार हाय. आपुनच सरकाया पायजे.” वाडीवाल्या काकूंनी सांगून पाहिलं, “अमावस्येला उधाण असतं हो, झाडांपाशी काय ते मांडा.” मामंजींनी आपला हिशेब केला. रोज हातभर सरकणाऱ्यासाठी त्यांनी दहा हात सोडले. अमावस्येला पाणी एकदम उडी मारतं, हे शेतकऱ्याच्या अकलेला कुठलं ठाऊक असणार?

अमावस्येला सकाळी वाळूवर आमचं काळं रान पसरलं. खोप उभी राहिली, पांडव बसले. आत्याबाई कित्येक महिन्यांनी चुलीपुढं उभ्या राहिल्या आणि भज्जी त्यांनी स्वतः हाटली. सूर्य डोक्यावर आला. आत्याबाई मोटारीतून आंबिलीचं मडकं आणायला वळल्या, आणि पाणी बांधावरून थेट खोपीत शिरलं.

माती विरघळायला लागली. आमच्या डोळ्यांपुढं फेस काळा झाला. हे ओरडले, “दादा, मागं या!” आणि जन्मभर सरकत आलेला तो माणूस खोपीपुढं दोन्ही हात पसरून पाण्यात बसला. “न्हाय सरकनार,” मामंजी म्हणाले. “हे तिचं रान हाय.” हे रान गेलं तर संध्याकाळी मोटार माघारी वळणार, आणि घरी काय वाढून ठेवलंय, हे त्यांना डॉक्टरांनी सांगितलेलंच होतं. दुसरी लाट आली. कडबा त्यांच्या डोक्यावर कोसळला, तरी ते हलेनात. मला रडूच फुटलं.

तेवढ्यात मागून आवाज आला. “आवो, उठा तितनं. थोरला शेजार हाय, त्येचं पोट मोठं हाय. घिऊ द्या त्येला. आपुनच जरा सरकू की!”

आत्याबाई उंबरठ्यात मडकं घेऊन उभ्या होत्या. एवढं सगळं त्या मधे एकदाही न थांबता, लाटांच्या वरच्या आवाजात बोलल्या होत्या. आम्ही तिघंही त्यांच्याकडे बघत राहिलो. त्यांच्या स्वतःच्या ध्यानात ते आलंच नव्हतं.

मामंजींनी पाचही पांडव चाचपून धोतराच्या ओच्यात घेतले आणि निथळत वर आले. उंबरठ्यापाशी सुरूखाली आम्ही पुन्हा पूजा मांडली. आत्याबाईंनी वाडीवाल्यांना हाक मारून जेवायला बसवलं, आणि उरलेली आंबील समुद्रात शिंपडून आल्या. “रान त्येच्याकडंच गेलं न्हवं,” म्हणाल्या. मोटार माघारी वळली ती शिमग्यानंतर.

पुढं आत्याबाई नाही, मामंजीच आधी गेले. कुणालाही त्रास न देता, दुपारच्या झोपेत. ती मोटार आता आमच्या रानात बांधाला उभी आहे, चाकं मातीत रुतलेली. वेळ अमावस्येची खोप तिच्या शेजारीच असते, आणि आत्याबाई आतल्या त्या रुंद फळीवर बसतात. अगदी कडेला, अर्ध्या फळीवर, अर्ध्या हवेत.

परवा मी म्हटलं, “आत्याबाई, मधे बसा की. आता कोण यायचंय?”

त्यांनी पदरानं शेजारची जागा पुसली.

“जल्मभर त्येच सरकले गं,” त्या म्हणाल्या. “आता माजी पाळी.”