शेकलेली हलगी

बायकोलाही कधी सांगितलं नाही, ते आज लिहितो. एका माणसाला मी संशयित ठरवलं, आणि तो निर्दोष आहे हे मला पहिल्या दहा मिनिटांतच कळलं होतं. नोकरीतली बाकीची प्रकरणं विसरलो. हे विसरता आलं नाही.

दोन हजारच्या दशकातली गोष्ट. बर्मिंगहॅम सोडून मी स्कॉटलंडच्या उत्तरेकडच्या एका बेटावर पोलीस सार्जंट म्हणून गेलो होतो. पहिलाच उन्हाळा, आणि बेटाचा वार्षिक कलामहोत्सव. फेरीबोटीतून लोक फिडल, अकॉर्डियन, नाचाचे बूट घेऊन उतरत. गाणं धक्क्यावरच सुरू व्हायचं. त्यात त्या वर्षी लंडनजवळच्या स्लाऊचं लेझीम पथक आलेलं! बेटावर मराठी माणूस मी एकटा. चार दिवस माझे पाय जमिनीला लागत नव्हते.

परेड तीनला होती. साडेबाराला पथकात हलगी वाजवणारी मुलगी धापा टाकत ठाण्यात आली.

"काका, हलगी गेली. हॉलमध्ये खुर्चीवर ठेवून आम्ही लंचला गेलो. आलो तर तिथे ही टोपी."

हलगीशिवाय लेझीम नाचणार कशावर? मुलगी स्लाऊमध्येच वाढलेली, प्लॅस्टिकच्या पानाच्या हलगीवर शिकलेली. ही चामड्याची, खास गावाकडून मागवलेली. सकाळच्या सरावात हलगीचा आवाज पार बसला होता आणि दोष सगळ्यांनी मुलीच्या हाताला दिला होता.

तक्रार नोंदवली, टोपी पुरावा म्हणून पिशवीत सील केली. माझा कॉन्स्टेबल बेटावरचाच. तो म्हणाला, "सार्जंट, चोर पळणार कुठे? बोट उद्या सकाळी आहे." तेवढ्यात दुकानवालीचा फोन आला. धुरावर मासे सुकवणारा म्हातारा कोटाखाली काहीतरी गोल घेऊन घरी जाताना तिला दिसला होता, तोही बोडक्या डोक्याने.

त्याच्या शेडमध्ये पीटची, म्हणजे दलदलीतून कापून वाळवलेल्या जळाऊ मातीची, धग होती आणि धगीसमोर हलगी टांगलेली. हलगी घेतली, म्हातारा सोबत ठाण्यात आला. त्याला हक्क वाचून दाखवले आणि विचारलं, का नेलीत?

"सकाळी सराव ऐकला. समुद्राची हवा लागून सैल पडली होती. पोरीचं हसं झालं असतं. शेकली."

"विचारलं का नाही?"

"टोपी ठेवली होती ना."

कॉन्स्टेबलने कपाळावर हात मारला, ही जुनी रीत त्याला आत्ता आठवली. बेटावर कुणाची वस्तू नेली की जागेवर आपली खूण ठेवतात. याचा अर्थ, परत आणून देतो. जी टोपी मी सील केली होती, ती त्या माणसाचा शब्द होती.

मी हलगीवर बोट मारलं. खणखणली. चामडं अजून कोमट होतं, आणि तो स्पर्श माझ्या ओळखीचा होता. लहानपणी सुट्टीत गावी गेलो की आजोबा वाजवण्याआधी हलगी अशीच जाळावर धरायचे.

दाराबाहेर पथकातली मंडळी उभी होती. हलगी शेकावीच लागते, म्हातारा खरं बोलतोय, असं सांगितलं असतं तर कुणीतरी विचारलंच असतं, तुम्हाला हो कसं ठाऊक? हलगी कोणाच्या घरात असते, हे मराठी माणसाला सांगावं लागत नाही. आणि बर्मिंगहॅमच्या महाराष्ट्र मंडळात मी वर्षानुवर्षं सांगत आलो होतो की आजोबा शाळामास्तर होते.

मी बाहेर जाऊन हलगी मुलीच्या हातात दिली आणि एवढंच म्हणालो, "सापडली. चौकशी चालू आहे."

तीनला परेड निघाली. काय वाजली ती हलगी! लेझमांनी रस्ता दणाणला, फिडलवाल्यांनी ठेका उचलला, बेटावरच्या आज्या पथकात घुसून नाचल्या. माझ्या अंगावर काटा आला. ज्याच्यामुळे ती वाजत होती, तो त्या वेळी ठाण्यात जबाबाच्या कागदावर सही करत होता.

संध्याकाळी त्याला सोडलं. नोंदवहीत 'गुन्हा घडला नाही' असं लिहायला हवं होतं. मी लिहिलं, 'पुरावा अपुरा'. लहान बेटावर माणसावर संशय राहायला एवढे दोन शब्द पुरतात. त्यानंतरच्या एकाही महोत्सवात तो हॉलमध्ये आला नाही.

संशयिताचं खोटं पकडायला खात्याने मला शिकवलं. त्या दिवशी त्या खोलीत खोटा मी एकटाच होतो.

माझे आजोबा हलगी वाजवायचे, आणि फार सुंदर वाजवायचे. म्हातारा आता नाही. त्याची मुलगी त्याच घरात राहते. तिच्या वडिलांनी चोरी केली नव्हती आणि हे मला तेव्हाच माहीत होतं, एवढं तिच्या दारात उभं राहून सांगायचं माझ्याकडून अजून राहिलं आहे.